बिनपाण्यानं होऊ नये म्हणून : जुने रेझर, वस्तरे आणि दाढीचं सामान जमवताना

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापुरातल्या आमच्या जुन्या घरात कमरेपर्यंत चढलं. पाणी ओसरल्यावर चिखल उपसताना आज्जाची लोखंडी ट्रंक उघडली. कागदांचा लगदा झाला होता, पण एका पत्र्याच्या डबीत तीन तुकड्यांचा जिलेट रेझर निघाला. बुडाला ‘मेड इन इंग्लंड’, अंगावर सोन्याचा मुलामा. वरून गाळ आणि जुन्या साबणाचं पांढरं कीटण. मी उत्साहाच्या भरात देवाची भांडी घासतात तसा तो चिंच-मीठ लावून घासला. पाच मिनिटांत रेझर लख्ख झाला आणि दहाव्या मिनिटाला पितळ उघडं पडलं. अक्षरशः. टोपीवरचं सोनं चिंचेच्या चोथ्याबरोबर मोरीत गेलं.

तिथून हा नाद लागला. मी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये तपासणी विभागात आहे. व्हर्निअर आणि फीलर गेज (बारीक मापं आणि फटी मोजायची हत्यारं) हातात असणाऱ्या माणसाला जुना रेझर दिसला की तो उलटा-पालटा करून बघितल्याशिवाय राहवत नाही. एवढ्या वर्षांत जे शिकलो, त्यातलं निम्मं चुकूनच शिकलो. नवीन जमवणाऱ्याला त्या चुका फुकटात मिळाव्यात म्हणून हे लिहितोय.

काय जमवायचं ते आधी ठरवा

‘जुनं ते सगळं’ असं म्हणून सुरुवात केली की सहा महिन्यांत घरात भंगाराचं दुकान होतं आणि घरची माणसं बोलायची थांबतात. ढोबळ चार वाटा आहेत : वस्तरे, दुधारी ब्लेडचे सेफ्टी रेझर, एकधारी किंवा चमत्कारिक यंत्रं, आणि बाकीचं सामान, म्हणजे ब्रश, मग, साबणाच्या डब्या, ब्लेडची पाकिटं.

माझा सल्ला स्पष्ट आहे. दुधारी ब्लेडच्या रेझरपासून सुरू करा. कारण साधं आहे : ब्लेड आजही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतं. किंग कॅम्प जिलेटला अमेरिकेत १९०४ च्या नोव्हेंबरात पेटंट मिळालं, त्या घाटाच्या रेझरला आजचं ब्लेड बिनतक्रार बसतं. सव्वाशे वर्षांच्या आसपासच्या यंत्राचा सुटा भाग गल्लीतल्या दुकानात मिळतो, असं दुसरं उदाहरण मला तरी सुचत नाही. गंमत म्हणजे १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, कंपनीचे खपले होते फक्त ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं. पुढं पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला लाखांच्या हिशेबात रेझर पुरवले गेले आणि घरी दाढी करायची सवय जगभर पसरली.

एकधारी रेझरचं उलट आहे. व्हॅलेट ऑटोस्ट्रॉप, एव्हर-रेडी, जेम ही यंत्रं देखणी असतात, पण ब्लेड बाहेरून मागवावी लागतात. रोल्स रेझर नावाची एक इंग्लिश करामत आहे : धातूच्या पेटीच्या एका झाकणात दगड, दुसऱ्यात चामडं, आणि मधे पातं मागं-पुढं सरकवून तिथल्या तिथं धार लावायची. खटक-खटक आवाज करत पाहुण्यांना दाखवायला बेस्ट. रोज दाढी करायला मात्र जीव नकोसा होतो.

पिढ्या ओळखायला चार खुणा

जिलेटचे रेझर जास्त सापडतात, म्हणून त्यांची वंशावळ तोंडपाठ असलेली बरी.

सगळ्यात जुना तीन तुकड्यांचा : टोपी, फणीसारख्या दातांची खालची पट्टी, आणि दांडा. १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपली तेव्हा कंपनीनं सुधारित घाट काढला. १९३० मध्ये ब्लेडच्या मधल्या छिद्रांची तऱ्हाच बदलली. १९३० च्या दशकात दोन गोष्टी आल्या. एक, दांड्याच्या बुडाची गुंडी फिरवली की टोपीची दोन दारं फुलपाखरासारखी उघडणारा रेझर. आणि दुसरा ‘टेक’, तीन तुकड्यांचाच पण दात नसलेला, सरळ कडेचा. १९४७ पासून ‘सुपर-स्पीड’, तोही गुंडी फिरवून उघडणारा. १९५८ च्या अखेरीस आला जाड मानेचा, १ ते ९ आकड्यांच्या चकतीनं ब्लेडची फट कमी-जास्त करता येणारा ॲडजस्टेबल, ज्याला जमवणारे ‘फॅट बॉय’ म्हणतात. १९६१ पासून त्याचा सडपातळ भाऊ ‘स्लिम’.

अमेरिकन जिलेटवर १९५१ पासून तारखेची खूण असते. रेझर उलटा करून डोक्याच्या खालच्या बाजूला भिंगातून बघा : एका अंगाला अक्षर, दुसऱ्या अंगाला १ ते ४ मधला आकडा. अक्षर वर्षाचं, आकडा तिमाहीचा. डब्ल्यू म्हणजे १९५१, एक्स १९५२, वाय १९५३, झेड १९५४. मग पुन्हा ए पासून : ए १९५५, डी १९५८, एफ १९६०, जी १९६१ असं पुढं. ‘एफ’ आणि ‘२’ दिसलं तर तो रेझर १९६० च्या एप्रिल ते जूनमधला. विकणारा ‘ब्रिटिशांच्या काळातला’ म्हणत असला तरी.

आपल्याकडं सापडणारे बरेच रेझर मात्र ‘मेड इन इंग्लंड’ किंवा ‘मेड इन इंडिया’. त्यांना हा तक्ता लावू नका. तिथं घाट, दांड्यावरची नक्षी आणि मूळ डबी यांवरून अंदाज बांधायचा.

शोधायचं कुठं

आधी स्वतःच्या घरात. मग आत्याच्या, मामाच्या. आपल्या जिल्ह्यात घरोघरी फौजी. शिरोळ तालुक्यात तर सैनिक टाकळी नावाचं गावच आहे. पेन्शनीत निघालेल्या माणसाच्या ट्रंकेत मेडल आणि दाढीचं सामान शेजारी-शेजारी असतं. पण अशा घरातून वस्तू उचलताना घाई नको. नातवाला विचारा, आज्जीला विचारा. मी एकदा एक डबी विकत घेऊन आलो आणि तिसऱ्या दिवशी परत देऊन आलो, कारण म्हातारीनं दोन दिवस जेवण टाकलं होतं.

दुसरी जागा म्हणजे भांड्यांच्या दुकानांत येणारी तांब्या-पितळेची मोड. जुने रेझर पितळेचे, त्यामुळं फुटक्या तांब्याबरोबर तेही वजनावर जातात. मोड घेणाऱ्या दोन-तीन दुकानदारांना रेझरचा फोटो दाखवून ठेवा आणि मोडीच्या भावापेक्षा थोडं जास्त द्यायचं कबूल करा. माझे चार उत्तम रेझर भट्टीच्या वाटेवरून परत फिरले आहेत.

तिसरी जागा बाजार. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार, मुंबईत चोरबाजार, आणि आपल्याकडं रविवारी लक्ष्मीपुरीत पथारी टाकून बसलेली जुन्या हत्यारांची मंडळी. तिथला एक संवाद सांगतो.

“मामा, ह्यो कितीला?”

“दोन हजार. ॲन्टिक हाय. संस्थानाच्या टायमाचा.”

मी उलटा करून दाखवला. “खाली ‘मेड इन इंडिया’ लिवलंय की.”

“मग संस्थान काय लंडनला होतं व्हय?”

या उत्तरावर खरं तर पन्नास रुपये जास्त द्यायला हवे होते. शेवटी एकशेवीसला तुटलं. आणि ऐका, ‘मेड इन इंडिया’ म्हणजे टाकाऊ नव्हे. आपल्या वडिलांच्या पिढीनं ज्यावर दाढ्या केल्या ते साधे देशी रेझर आज झपाट्यानं भंगारात चाललेत. इंग्लिश माल जगभर कुणी ना कुणी सांभाळतंय. आपला कोण सांभाळणार?

हातात घेतल्यावर काय बघायचं

इथं वेळ द्या. दुकानदार कंटाळला तरी चालेल. खिशात चार वस्तू असाव्यात : भिंग, छोटं लोहचुंबक, नवीन ब्लेडचं पाकीट आणि जुना टूथब्रश.

तीन तुकड्यांचा असेल तर तिन्ही तुकडे सुटे करा. सुटतच नसेल तर जोर लावू नका. वर्षानुवर्षांच्या साबणानं आटे धरलेले असतात, ते घरी कोमट पाण्यात सुटतील. पकडीनं पिळलात तर दांडा जाईल. जुन्या दांड्यांची नळी पातळ असते आणि टोकाला केसासारखी चीर पडलेली असते. नखानं चाचपा, डोळ्याला दिसत नाही. टोपीच्या मधल्या बोल्टचे आटे बघा. फणीचे कोपऱ्यातले दात बघा, रेझर मोरीत पडला की आधी तेच वाकतात. वाकलेला दात सरळ करता येतो असं सांगणारे भेटतील. एकदा सरळ होतो, दुसऱ्यांदा तुटतो.

मग ब्लेड बसवा आणि रेझर उजेडाकडं धरून बघा. दोन्ही बाजूंना ब्लेड सारखंच बाहेर आलंय का? ब्लेडची जाडी सुमारे एक दशांश मिलिमीटर. एवढ्या नाजूक वस्तूला खालची पट्टी किंचित जरी पिळलेली असेल तर एक बाजू गालाला लागतच नाही आणि दुसरी कातडं सोलते. मी ब्लेड आणि कडेच्या फटीत फीलर गेजची पात घालून बघतो. तुम्हाला एवढ्या थराला जायची गरज नाही, डोळ्यांना फरक कळतो.

फुलपाखरू असेल तर गुंडी पूर्ण फिरवून दारं सावकाश उघडा-मिटा. दोन्ही दारं एकाच वेळी टेकली पाहिजेत. एक आधी आणि एक मागून आलं, तर आतला दांडा वाकलाय. ॲडजस्टेबल असेल तर आधी बुडाची गुंडी अर्धा फेरा सैल करा, मगच आकड्यांची चकती फिरवा. आवळलेल्या अवस्थेत चकती फिरवूनच यातले बरेच रेझर खराब झालेत. १ पासून ९ पर्यंत जाताना ब्लेडची फट वाढताना दिसली पाहिजे.

लोहचुंबक गच्च चिकटला तर आत लोखंड. नाही चिकटला म्हणजे पितळच, असं मात्र समजू नका. जस्ताच्या मिश्रधातूलाही चुंबक लागत नाही. तो हाताला हलका लागतो आणि मुलामा निघालेल्या जागी पिवळा नाही, राखाडी दिसतो, बारीक खड्डे पडलेले असतात. तसा रेझर मोहात पडून घेऊ नका. पितळ घासून पुन्हा उभं करता येतं, पोखरलेलं जस्त नाही.

‘मुद्दाम जुनं’ केलेला माल ओळखायला अक्षरं बघा. ठप्प्यानं उमटवलेली अक्षरं कडेला तीक्ष्ण असतात, ओतीव नकलेची गोलसर, फुगीर. शिवाय खरी झीज बोटं लागतात तिथंच असते. सगळीकडं सारखा काळेपणा दिसला की समजा, आपली बिनपाण्यानं चाललीय.

वस्तरा : इथं सावकाश

वस्तऱ्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात. परदेशी लोक पाच-अष्टमांश, सहा-अष्टमांश म्हणतात. आपल्या कारखान्यांत त्याला आधीपासूनच शब्द आहे : सूत. आठ सूत म्हणजे इंच. तेव्हा पाच सुती वस्तरा, सहा सुती वस्तरा असं म्हणा, कुठल्याही जुन्या मिस्त्रीला कळतं. शिकणाऱ्याला पाच किंवा सहा सुती बरा.

पात्याच्या मुळाशी ठसा असतो. इंग्लंडचं शेफील्ड आणि जर्मनीचं झोलिंगेन ही वस्तऱ्यांची दोन गावं. नुसतं ‘शेफील्ड’ असेल आणि देशाचं नाव नसेल, तर वस्तरा १८९१ पूर्वीचा असू शकतो. त्या वर्षापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं. ही खूण पक्की नाही, नुसता इशारा. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९४९ ते १९९० च्या मधला, हे मात्र पक्कं.

आता पातं. धारेवरून नख अलगद सरकवा, खाच अडते. नखानं पात्यावर टिचकी मारा : खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कुठंतरी चीर आहे किंवा पातं मुठीत सैल आहे. पाठीकडून बघा. पाठ एका बाजूला चपटी झाली असेल तर कुणीतरी वर्षानुवर्षं वाकडी धार लावलीय. पात्याच्या अंगावर गंजाचे ठिपके असले तरी चालतात, धारेवर नकोत. धारेवरचा गंज आत किती खोल गेलाय हे दगडावर घासल्याशिवाय कळत नाही, आणि कळेपर्यंत अर्धं पातं गेलेलं असतं.

मूठ पांढरी असेल तर थांबा. हस्तिदंताची असेल तर विषय तिथंच संपला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणं हस्तिदंताची खरेदी-विक्री गुन्हा आहे, वस्तू कितीही जुनी असो. बहुतेक वेळा ते हस्तिदंत नसतं, सेल्युलॉइड नावाचं जुनं प्लॅस्टिक असतं. चोळून वास घेतला तर कापरासारखा येतो. पण सेल्युलॉइडचा वेगळा त्रास आहे. ते जुनं होऊन कुजायला लागलं की आम्ल सोडतं, आणि बंद पेटीत शेजारच्या दहा वस्तऱ्यांना गंज चढवतं. पात्याचा नेमका मुठीत मिटणारा भागच गंजलेला दिसला, तर चोर कोण ते ओळखा. अशा वस्तऱ्यांची जागा वेगळी, हवेशीर.

धार लावणं हा वेगळ्या लेखाचा विषय. तत्त्व एवढंच की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकलेल्या हव्यात, कोन आपोआप बसतो. १००० नंबरच्या दगडावर उतार बसवायचा, मग ४०००, ८०००, जमल्यास १२०००; नंबर वाढेल तसा दगड बारीक. नेहमीचा चाकू-सुरीचा निसणा इथं चालत नाही. आणि दाराशी सायकलच्या चाकावर धार लावून देणारा येतो, त्याच्या हातात वस्तरा देऊ नका. माणूस चांगला असतो, चाक खरबरीत असतं.

वस्तरा पाजळायच्या पट्ट्याच्या बाबतीत मात्र कोल्हापूरकर नशीबवान. परदेशात लोक झाडाच्या सालीनं कमावलेलं चामडं शोधत फिरतात, आपल्याकडं कोल्हापुरी चप्पल त्याच परंपरेची : बाभळीची साल आणि हिरडा. चप्पल करणाऱ्या कारागिराकडं जा आणि अडीच-तीन इंच रुंद, दीड फूट लांब, शिवण-नक्षी नसलेली सलग पट्टी मागा. तळव्याचं चामडं नको, फार जाड आणि ताठ. वरच्या पट्ट्यांसाठी वापरतात ते घ्या. तेल लावू नका म्हणून सांगा, नाहीतर प्रेमानं लावून देतात. माझा पट्टा दिला त्या काकांनी विचारलं, “एकाच पायाची करायचीय काय?” घरी आणून पट्टी पाण्याच्या बाटलीखाली दोन दिवस सपाट दाबून ठेवली, तळव्यानं चोळून गरम केली, बस्स. वस्तरा पाठीकडून ओढायचा, टोकाला पाठीवरूनच उलटा करायचा. धारेवरून उलटवलात तर पट्टा कापला गेलाच म्हणून समजा.

साफसफाई : चिंच नको

पहिली पायरी, काहीही घासायच्या आधी फोटो काढा. दुसरी, कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून अर्धा तास भिजवा. उकळतं पाणी नको, त्यानं जुन्या मुलाम्यावरचं लाखेचं आवरण उलतं आणि बेकेलाइटचा (जुन्या कडक प्लॅस्टिकचा) दांडा तडकतो. तिसरी, मऊ टूथब्रश आणि दातकोरण्यानं फटींतला साबण काढा. दहांतल्या सात रेझरचं काम इथंच संपतं.

बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार उरले असतील तर एक भाग व्हिनेगर, चार भाग पाणी, पाच मिनिटं, घड्याळ लावून. जस्ताच्या रेझरला तेही नको. मग स्वच्छ पाणी आणि लगेच पुसणं. निकेलच्या रेझरला कापडावर वाटाण्याएवढं पॉलिश चालतं, ओरखडा न उठवणारं. सोन्याला पॉलिशही नको. सोनेरी मुलामा म्हणजे नुसती छाया असते. माझ्या आज्जाच्या रेझरला विचारा.

निर्जंतुक करणं वगळू नका. दुसऱ्याचा रेझर म्हणजे दुसऱ्याचं रक्त. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तरी टिकू शकतो. धुऊन वाळवल्यावर ७० टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवा, मेडिकलमध्ये मिळतं. सेल्युलॉइडची मूठ त्यात बुडवू नका, तिथं फक्त पातं पुसा. आणि डबीत सापडलेलं जुनं ब्लेड कधीही तोंडाला लावू नका, पाकीटबंद असलं तरी. ते पाकीट तसंच ठेवण्यात किंमत आहे.

फुलपाखराच्या सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नको. ते थंडीत गोठतं आणि कालांतरानं चिकट होतं.

नवा मुलामा द्यावा का? उद्यमनगरात निकेल-क्रोम करून मिळतं, चांदीचं म्हटलं तर हुपरी जवळ आहे. पण मुलाम्याआधी बफ मारतात, आणि बफच्या चाकाला ‘मेड इन इंग्लंड’ आणि ओरखडा यांच्यातला फरक कळत नाही. ठसा आणि दांड्याची पकड दोन्ही गुळगुळीत होऊन येतात. दुर्मिळ रेझरला हात लावू नका. मुलामा पूर्ण गेलेला साधा टेक असेल तर द्या खुशाल, फक्त “बफ हलका, अक्षरं राहिली पाहिजेत” हे कागदावर लिहून द्या, तोंडी नव्हे.

ब्रशच्या बाबतीत भीती बाळगा

जुना ब्रश देखणा असतो, दांडा बेकेलाइटचा, केस घोड्याचे. वापरू नका. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांतून ब्रिटन-अमेरिकेत सैनिकांना आणि सामान्य माणसांना ॲन्थ्रॅक्स झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. या रोगाचे बीजाणू वर्षानुवर्षं टिकतात. कपाटात ठेवा, किंवा केसांचा झुबका दांड्यापासून कापून काढा, खोबणी ड्रिलनं साफ करा आणि कृत्रिम केसांचा नवा झुबका दोन भागांच्या इपॉक्सीनं चिकटवा. हे काम तोंडाला मास्क बांधून, केस ओले करून करायचं. झुबका २२ ते २४ मिलिमीटरचा पुरतो. ‘अस्सल मुंगसाच्या केसांचा’ असं सांगून कुणी ब्रश दाखवला तर उठून चालू लागा. मुंगूसही वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित आहे.

रोजच्या वापरासाठी

जमवलेला रेझर चालवलाच नाही तर त्याचं वजन, त्याचा तोल कळत नाही. आंघोळीनंतर दाढी करा, खुंट मऊ झालेले असतात. ब्रश भिजवून झटका, गोल साबणावर अर्धा मिनिट फिरवा, मग वाटीत थेंब-थेंब पाणी घालत फेस करा. ताकावर येणाऱ्या बुडबुड्यांसारखा फेस कामाचा नाही, घट्ट दह्यासारखा हवा. ब्लेडची धार गालाशी साधारण ३० अंशांत येईल असा दांडा धरा आणि रेझरच्या वजनालाच काम करू द्या. काडतुसाच्या, म्हणजे डोकं बदलायच्या आजच्या कार्ट्रिज रेझरची सवय असलेला माणूस हमखास दाबतो, आणि जुना रेझर दाबलेला खपवून घेत नाही. पहिला हात केसांच्या दिशेनं, दुसरा आडवा. उलटा हात पहिल्या महिन्यात नकोच. फणीच्या रेझरला घाबरू नका, दात पुढं असले तरी चावत नाहीत. ॲडजस्टेबल २ किंवा ३ वर ठेवून सुरू करा.

शेवटी गार पाणी आणि तुरटीचा खडा. जिथं झोंबेल तिथं तुम्ही दाबलंय. याहून प्रामाणिक परीक्षक मी पाहिला नाही. मोठाल्या किमतीचे ‘ॲलम ब्लॉक’ मिळतात, तीही तुरटीच असते, फक्त घासून गुळगुळीत केलेली. किराण्यातला खडा ओल्या फरशीवर घासा, झाला ब्लॉक.

वापरलेली ब्लेडं कचऱ्यात टाकू नका, सफाई कामगाराचा हात कापतो. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला चीर पाडा, त्यातून टाकत जा, भरला की चीर ठोकून बंद करा. माझा डबा तीन वर्षांत अर्धाही भरलेला नाही.

पावसाळा

आपला खरा वैरी जून ते सप्टेंबर. मखमलीच्या पेटीत ठेवलेला वस्तरा जूनमध्ये हसतो आणि ऑगस्टमध्ये तांबूस होतो, कारण मखमल ओल धरते. उद्यमनगरात मशीन केलेले सुटे भाग बाहेर पाठवताना व्हीसीआय कागदात गुंडाळतात, गंजरोधक. तोच कागद शंभर-दोनशे रुपयांचा आणा, वस्तरे त्यात गुंडाळा, सोबत सिलिका जेलची पुडी. ब्लेडची जुनी पाकिटं, लेबलं, डब्यांवरचे कागद वेगळ्या हवाबंद डब्यात, कसर लागते. डांबरगोळ्या प्लॅस्टिकच्या दांड्यांशेजारी नकोत, त्यानं काही प्लॅस्टिकं मऊ पडतात. आणि नदीकाठच्या पेठेत राहत असाल तर सगळं माळ्यावर. २०१९ नंतर २०२१ लाही पाणी आलं.

आमच्याकडं श्रावणात दाढी करत नाहीत. महिनाभर रेझरांना सुट्टी असते, तेव्हा मी सगळे बाहेर काढून तेल-पाणी करतो. घरात एकीकडं पुरणाचा वास, एकीकडं मशीन तेलाचा. तक्रार दोन्ही बाजूंनी असते.

वही घाला

प्रत्येक वस्तूला नंबर द्या आणि लिहून ठेवा : कुठून, कधी, कितीला, ठसा काय, काय दुरुस्ती केली. वस्तू परदेशी मित्राला पाठवायचा विचार आला तर ही वही आधी उघडा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरच्या पुरावस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. प्रवासात मात्र वही नाही, अक्कल लागते : वस्तरा आणि ब्लेड विमानाच्या हातातल्या बॅगेत चालत नाहीत.

माझ्या वहीतली पहिली नोंद अशी आहे :

नं. १. जिलेट, तीन तुकडे, मेड इन इंग्लंड. आज्जाची ट्रंक, ऑगस्ट २०१९. किंमत : नाही. टोपीवरचा मुलामा गेलेला, माझ्या हातानं. खालच्या पट्टीच्या आतल्या बाजूला सोनं शाबूत. पुन्हा मुलामा द्यायचा नाही. रविवारी वापरतो.